मीटअप, प्रोग्रामरांची (ग्रामीण विदर्भ)

एका परिसरातल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी दिवसाचे काम आटोपल्यावर एकत्र बसून एकमेकांना प्रोग्रामिंग शिकवण्याची प्रथा. बोलताना ‘मीटअप’ हाच शब्द वापरतात. ‘बैठक’ म्हटले की गावात आधी पक्षाची नाहीतर सोयरिकीची बैठक आठवते. फी नाही, प्रमाणपत्र नाही, हजेरीपट नाही. त्यामुळे येणारा शिकायलाच येतो.

प्रथा मूळची इथली नव्हे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये ५ मार्च १९७५ रोजी एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब या संगणकाच्या हौशींच्या मंडळाची पहिली सभा भरली. ॲपल कंपनीचा सहसंस्थापक स्टीव्ह वोझ्नियाक याने आपला ॲपल-१ संगणक पुढे याच मंडळींना दाखवला. नंतर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचे गट आले. २००२ मध्ये अशा भेटी जुळवणारे मीटअप नावाचे संकेतस्थळ निघाले आणि तोच शब्द रूढ झाला. भारतात २००९ पासून बंगळूरुमध्ये सुरू झालेल्या पायकॉनसारख्या (पायथन ही प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांच्या) परिषदा मोठ्या शहरांत भरत राहिल्या.

विदर्भात अभियांत्रिकी महाविद्यालये नागपूर-अमरावतीपुरती नाहीत. शेगाव, पुसद, सेवाग्राम इथेही आहेत. शिकलेली मुले मात्र पुण्याची गाडी धरत. मार्च २०२०च्या टाळेबंदीत त्यांतली बरीच लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि घरून काम करण्याची मुभा राहिल्यामुळे काही इथेच थांबली. पगार शहराचा, घर गावात आणि अडलेले विचारायला शेजारी कोणी नाही, अशी त्यांची स्थिती. मीटअपची गरज तिथून आली. जागा म्हणून तालुक्याची अभ्यासिका किंवा एमएस-सीआयटीचे केंद्र सोयीचे पडते: शेवटची बॅच सुटली की खुर्च्या, फळा आणि इन्व्हर्टर आयते मिळतात.

वेळ ठरवणे हे या प्रथेतले सगळ्यांत अवघड काम. संध्याकाळ हवी, कारण दिवस कामात जातो. पण ज्यांचा ग्राहक अमेरिकेत आहे, त्यांचा कामाचा दिवस संध्याकाळीच तापतो. न्यूयॉर्कची सकाळी दहाची ‘स्टँडअप’, म्हणजे रोजची छोटी हजेरी-सभा, उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला पडते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे गेली की तीच साडेआठला येते. मार्चमध्ये पुन्हा साडेसात. गावातल्या सभेचे वेळापत्रक अमेरिकेच्या घड्याळावर वर्षातून दोनदा हलते, हे सरपंचांना समजावून सांगणे कठीणच. दुसरे बंधन एसटीचे. बाहेरगावचा माणूस मुक्कामी गाडीने परतणार असेल, तर ती सुटायच्या आत प्रश्नोत्तरे उरकावी लागतात.

एक जण अर्धा-पाऊण तास बोलतो, बाकीचे मध्येच अडवतात. भाषा मराठी, शब्द इंग्रजी, क्रियापदे वऱ्हाडी: ‘लूप चालून नाही राहिला’, ‘हे व्हेरिएबल काहून बदललं?’ मोठ्याला ‘भाऊ’, शिकवणाऱ्या बाईंना ‘मॅडम’. पदनाम कोणी विचारत नाही. उत्तम विषय तोच, ज्यात बोलणारा स्वतः आपटला आहे. पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवणाऱ्याला श्रोते चहा येईपर्यंतच सहन करतात.

उदाहरणे भोवतालची घेतली की बात लवकर उतरते. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान (फक्त ० आणि १ या अंकांच्या) पद्धतीत साठवतो, म्हणून बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ येते. हे नुसते सांगितले तर गंमत वाटते. अडतीच्या हिशोबात दाखवले, तर कास्तकाराचा मुलगा सावरून बसतो. उपाय सोपा आहे: रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवायची. ७,०२१.५० रुपये म्हणजे ७,०२,१५० पैसे.

देवनागरीचा विषय तर हमखास रंगतो. ‘वर्धा’ वाचणाऱ्याला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्यात पाच चिन्हे आहेत: व, र, हलन्त, ध आणि काना. ती साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. दहा बाइटांची मर्यादा घातलेल्या रकान्यात जिल्ह्याचे नाव मावत नाही ते यामुळे. तोच शब्द चिन्हागणिक उलटा केला तर काना सुटा पडून पुढे येतो आणि मागे ‘ध्रव’ उरते. इंग्रजी शब्दांवर तपासून ‘चालते’ म्हणून सोडलेले प्रोग्राम इथे उघडे पडतात. मला विचाराल तर गावाकडच्या मीटअपचे शहरातल्या मीटअपपेक्षा वरचढ अंग हेच: जो मजकूर प्रत्यक्ष वापरात येतो, त्यावरच परीक्षा होते.

वीज गेली तर प्रोजेक्टर बंद पडतो, लॅपटॉप चालू राहतो. मग सगळे एका पडद्याभोवती गोळा होतात किंवा फळा वापरतात. इंटरनेट नसले तरी गिटचे, म्हणजे प्रोग्राममधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीचे, बरेचसे काम अडत नाही, कारण संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या यंत्रावर असतो. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये ही प्रणाली लिनक्सच्या कामासाठी लिहिली. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत उपस्थिती घटते. वावर ज्यांच्या घरी आहे, त्यांना सुटी म्हणजे वावरच.

खरी उणीव संध्याकाळचीच आहे. आठनंतर एकटीने दुसऱ्या गावाहून येणे-जाणे मुलींना घरून सहसा मान्य होत नाही आणि महाविद्यालयात सोबत शिकलेल्या मुली इथे मोजक्याच दिसतात. यावर रविवारी दुपारी साडेचारला बसणे हा एक उपाय आहे. हिवाळ्यात तो निभतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत साडेचारला कूलर लावूनही बसवत नाही.