फ्रॉइड लावला म्हणून कथेतलं भूत खोटं ठरत नाही

कोकणातल्या भुताखेतांच्या कथांवर चर्चा निघाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडपलेलं शोधणारी फ्रॉइडची पद्धत, भुताला भास ठरवतं, आणि उत्तर-आधुनिकता म्हणते वास्तव नसतंच. दोन्ही समज चुकीचे आहेत.

फ्रॉइडने १९१९च्या निबंधात दाखवलं की अंगावर काटा आणणारं बरेचदा ओळखीचंच असतं, दडपलेलं आणि परत आलेलं. समजा, गणपतीला आलेला चाकरमानी बंद घराचं कुलूप काढतो आणि पडवीत आजोबांच्या जागी कुणीतरी बसलेलं दिसतं. ते खरं का, यात फ्रॉइडचा वाचक अडकत नाही. आजोबांनी विकलेल्या कलमांच्या बागेबद्दल घरात सगळे गप्प का, हे तो विचारतो. मला हे वाचन फार मोलाचं वाटतं.

फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने १९७९मध्ये महाकथनांवरच्या, म्हणजे सगळ्याचा एकच अर्थ सांगणाऱ्या मोठ्या कथनांवरच्या, अविश्वासाला उत्तर-आधुनिक म्हटलं. त्या नजरेने बागेची हकिकत भावकीत प्रत्येकाची वेगळी निघेल. बाग विकली गेली, हे त्याने पुसलं जात नाही.