विचारलं तर सांगतात

‘स्टीलचा एक पेला दुसऱ्यात घट्ट अडकलाय, काय करू?’ मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या किंवा स्वयंपाकाच्या ग्रुपवर हा प्रश्न टाकून बघा. थोड्याच वेळात उत्तरं सुरू होतात. कडेने खोबरेल तेल सोडा. लाटण्याने हळूहळू ठोका. तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. मग कुणीतरी बाई, ज्यांचं नावही आपल्या फोनमध्ये नसतं, त्या लिहितात: आतल्या पेल्यात बर्फाचं पाणी भरा, बाहेरचा पेला कढत पाण्यात धरा, अर्धा मिनिट थांबा आणि पिरगळून ओढा.

हे उत्तर बाकीच्यांपेक्षा चांगलं का, ते गणिताने दाखवता येतं. भांड्यांचं स्टील एक अंशाने तापलं की मीटरमागे साधारण १७ मायक्रोमीटर वाढतं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सतरा पट. पेल्याचा व्यास ७ सेंटीमीटर धरा आणि आतल्या-बाहेरच्या पेल्यांच्या तापमानात ५० अंशांचा फरक पाडा. दोघांच्या व्यासात जवळपास ०.०६ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. पेले सुटायला तेवढी फट पुरते. फ्रीजरमध्ये मात्र दोन्ही पेले एकदमच आकसतात, त्यामुळे पकड होती तशीच राहते. तेलाने घर्षण कमी होतं, पण तेल आत शिरायला आधी फट हवी.

पेले सुटले. पण त्या बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवून कुणा अनोळखी माणसासाठी चार ओळी का लिहिल्या? जीवशास्त्राला हा प्रश्न बराच काळ छळत होता. नात्यातल्यांना केलेल्या मदतीचा खुलासा विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये केला: भावंडांत आपलीच जनुकं असतात, त्यांचं भलं झालं की त्या जनुकांचंही होतं. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये परतफेडीची बाजू मांडली. आज मी तुला, उद्या तू मला. पण ज्याची पुन्हा कधी गाठ पडणार नाही त्याच्याशी कसली परतफेड? मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९८ मध्ये गणिती प्रारूपातून दाखवलं की परतफेड त्याच माणसाकडून व्हायची गरज नसते. मी तुला मदत केली, ते तिसऱ्याने पाहिलं, आणि माझ्या अडचणीला तो तिसरा धावून आला, एवढ्यावरही सहकार्य टिकून राहतं. अट एकच: कोण मदत करतं हे लोकांना दिसलं पाहिजे. ग्रुपवर प्रश्न आणि उत्तर दोन्ही चारचौघांत होतं, म्हणजे ही अट आपोआप पुरी होते.

नाव न लावताही लोक उत्तरं देतात, हे मात्र या गणितात पुरतं बसत नाही. तिथे मेंदूचा अभ्यास उपयोगी पडतो. दान करताना मेंदूचं चित्रण केलं तेव्हा, स्वतःला पैसे मिळाल्यावर जो भाग जागा होतो तोच पैसे देतानाही जागा झालेला दिसला. माहिती देणं हेही देणंच आहे. मला तर वाटतं, त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. वर्षानुवर्षं हाताला माहीत असलेली युक्ती, जिचं घरात कुणाला कौतुक नसतं, ती कुणीतरी आवर्जून विचारतं. हे सुख लहान नाही.

देणारे इतके तयार असतील तर अडतं कुठे? अडतं विचारणाऱ्यापाशी. फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग यासाठी वाचण्यासारखे आहेत. विद्यार्थ्यांनी अनोळखी माणसांना गाठून एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. पाच जणांचा होकार मिळवायला किती जणांना विचारावं लागेल, याचा त्यांचा अंदाज होता साधारण वीस. प्रत्यक्षात दहाच्या आसपास लोकांना विचारून काम झालं. फोन क्षणभर वापरायला मागणं, रस्ता दाखवायला सोबत चालायला सांगणं, अशा विनंत्यांतही हेच दिसलं. होकाराची शक्यता आपण जवळजवळ निम्मीच धरतो. कारणही संशोधकांनी शोधलं. मागणारा ‘याला किती त्रास पडेल’ याचा हिशेब करतो. समोरच्याच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट असते: तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्याला जड जातं.

शुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांनी २०२२ मध्ये याला आणखी एक पदर जोडला. आपला फोटो काढून द्याल का, अशी साधी विनंती अनोळखी माणसाला करायला लावली. समोरचा किती राजी असेल आणि मदत करून त्याला किती बरं वाटेल, या दोन्ही गोष्टी विचारणाऱ्यांनी कमी लेखल्या. त्याला किती गैरसोय होईल, ती मात्र जास्त धरली.

मुंबईच्या लोकलमध्ये हे रोज पाहायला मिळतं. नवखा माणूस गर्दीत गप्प उभा राहतो आणि ठाण्यापर्यंत उभाच राहतो. सरावलेला माणूस आत शिरल्या शिरल्या बसलेल्यांना विचारतो, ‘कुठे उतरणार?’ कुणी घाटकोपर म्हणतं, कुणी मुलुंड. घाटकोपरवाल्याची जागा तिथल्या तिथे ठरून जाते. कुणाला राग येत नाही, कुणी उपकार केल्याचा आव आणत नाही. तीन जणांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा मिळते तीही बहुतेक वेळा ‘जरा सरकता का?’ एवढ्या बोलण्यावर.

अज्ञान उघडं पडेल ही दुसरी भीती. ॲलिसन वुड ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की अवघड कामात सल्ला मागणाऱ्याला समोरचा माणूस कमी नव्हे, उलट जास्त हुशार समजतो. ‘याला कोणाला विचारायचं ते कळतं’ असं त्याला वाटत असावं. काम अगदी सोपं असेल तर हा फायदा मिळत नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

तरीही एखादा प्रश्न तीनशे जणांच्या ग्रुपवर दिवसभर तसाच पडून राहतो. निळ्या खुणा पन्नास, उत्तर शून्य. इथे माणसं निष्ठुर झाली असं समजू नये. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये एक प्रयोग केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते आणि त्यातल्या एकाला फीट आल्याचा आवाज ऐकू आला. तो खरं तर आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के जण आवाज थांबायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ३१ टक्केच उठले. बसून राहिलेले बेफिकीर नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. आपण जावं की दुसरा कुणी गेला असेल, या घालमेलीत ते अडकले होते. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते.

इंटरनेटवरही हेच होतं का, हे पॅट्रिक मार्के यांनी २००० साली चॅटच्या चारशे गटांत तपासलं. प्रश्न अगदी किरकोळ होता: एखाद्या सदस्याची माहिती कशी पाहायची? गटात जितकी जास्त माणसं हजर, तितका मदतीला उशीर. पण एका कुणाचं नाव घेऊन विचारलं की हा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून ‘कुणाला माहीत आहे का?’ असं लिहिण्यापेक्षा ‘देशपांडे काकू, तुमच्याकडे पितळेची भांडी आहेत, चिंचेने घासल्यावर डाग राहतात का?’ असं लिहावं. काकूंना उत्तर आलं नाही तरी त्या ज्यांना येतं त्यांना हाक मारतात.

अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्याच माणसांकडे का जायचं, याचं उत्तर समाजशास्त्रात आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की जिवलगांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी माहिती तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण त्यांचं जग वेगळं असतं. नोकरीच्या शोधाबद्दल हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आणि २०२२ मध्ये दोन कोटी लोकांच्या अभ्यासातही बऱ्याच अंशी तसंच दिसलं.

आता उत्तरांच्या खरेपणाकडे वळू, कारण पन्नास माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी होत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांचा बैल या बाबतीत प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या जत्रेत लोकांनी एका बैलाचं, कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, याचा अंदाज चिठ्ठीवर लिहून दिला. गॉल्टन यांनी १९०७ मध्ये ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १२०७ पौंड निघाला, खरं वजन ११९८ पौंड. चूक एका टक्क्याहूनही कमी. ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुतेक वेळा गळतो: चिठ्ठ्या वेगवेगळ्या लिहिलेल्या होत्या, कुणी दुसऱ्याची पाहिलेली नव्हती.

हा तपशील किती मोलाचा, ते झुरिकमध्ये १४४ विद्यार्थ्यांवर केलेल्या २०११ च्या प्रयोगातून कळलं. आकड्यांच्या प्रश्नांवर त्यांचे अंदाज घेतले, मग काहींना इतरांचे अंदाज दाखवून पुन्हा विचारलं. ज्यांना दाखवले त्यांची उत्तरं एकमेकांजवळ सरकली. अचूकता फारशी वाढली नाही, आत्मविश्वास मात्र वाढला. ग्रुपवर पहिलं ठाम उत्तर आलं की पुढच्या दहा जणांचं नेमकं असंच होतं. म्हणून मी उत्तरं मोजत बसत नाही, त्यांतलं ‘कारण’ शोधते. फ्रीजर सुचवणाऱ्याला ‘का?’ विचारलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता.

पावसाळ्यात जुहू किंवा गिरगावच्या वाळूत निळसर फुगे वाहून येतात, तेव्हा हे फार जवळून दिसतं. कुणीतरी फोटो टाकतं: हे काय आहे? प्लास्टिक, माशाची अंडी, जेलीफिश, असे अंदाज येतात. वर्तमानपत्रं याला ब्लू बॉटल म्हणतात. दिसतो एक प्राणी, पण ती अनेक लहान जीवांची वसाहत असते. एक जीव वायूने भरलेला फुगा होतो, काही शिकार करतात, काही पचवतात, काही पुनरुत्पादन सांभाळतात. खाली लोंबणाऱ्या निळ्या धाग्यांत डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात आणि वसाहत मेल्यावरही त्या काम करतात. त्यामुळे ‘मेलंय, उचलून बघ’ हे उत्तर पोराटोरांच्या अंगाशी येऊ शकतं.

डंख झाला तर काय, यावर तर सल्ल्यांचा पूर येतो. लघवी लावा, बर्फ लावा, लिंबू चोळा. ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावर ९६ जणांवर याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाने डंखाची जागा ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धरली, दुसऱ्याने बर्फाचा शेक घेतला. वीस मिनिटांनी गरम पाण्याच्या गटात ८७ टक्के लोकांची वेदना कमी झाली होती, बर्फाच्या गटात ३३ टक्के लोकांची. व्हिनेगरबद्दल मात्र जाणकारांतच मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातले प्रथमोपचाराचे नियम ब्लू बॉटलला ते वापरू नका म्हणतात, २०१७ च्या एका अभ्यासाला ते उपयोगी दिसलं. असा मुद्दा ग्रुपच्या मतांवर सोडायचा नसतो. धागे उघड्या हाताने न धरता काढावेत आणि श्वास जड झाला किंवा सूज पसरली तर सरळ दवाखाना गाठावा.

तरी फोटो टाकून ‘हे काय?’ विचारणं मी फार मोलाचं मानते. मॅथियस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की एखाद्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता वाढली की ते उत्तर तर लक्षात राहतंच, पण वाट पाहताना मध्येच दाखवलेले, प्रश्नाशी काही संबंध नसलेले चेहरेही जास्त लक्षात राहतात. उत्सुक मेंदू आजूबाजूचंही टिपून घेतो. ब्लू बॉटलबद्दल विचारणारी मुलगी त्याच दिवशी भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा आणि खेकड्याची बिळंही शिकून येते, ते यामुळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ २००९ पासून ‘चाय अँड व्हाय’ या कार्यक्रमात जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात सामान्य माणसांसमोर बसतात, तिथेही पाया हाच आहे: कुणीही उठून काहीही विचारावं.

असे प्रश्न आता नोंदी होऊन टिकतातही. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. ओहोटीला खडकांवर हिंडून लोक दिसेल त्या जीवाचा फोटो काढतात आणि ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर टाकतात. तिथे कुठल्याही देशातला अनोळखी माणूस ओळख सुचवतो, दुसरा ती खोडतो, तिसरा दुजोरा देतो. फोटो, तारीख आणि ठिकाण असेल आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक जण जातीवर सहमत असतील, तरच ती नोंद संशोधनाच्या दर्जाची मानली जाते. तेव्हा पुढच्या ओहोटीला हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवर अनोळखी काही दिसलं, तर त्याच्याशेजारी मापासाठी एक रुपयाचं नाणं ठेवा, वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढा, ते कुठल्या डबक्यात होतं ते लिहा आणि विचारा.