विहिरीवरचा पंप आणि यंत्र अभियांत्रिकी

बल, गती आणि उष्णता यांचे नियम जाणून घेऊन त्यांना उपयोगी कामाला जुंपणारी विद्याशाखा म्हणजे यंत्र अभियांत्रिकी. ही व्याख्या अचूक असली, तरी या शाखेचा खरा आवाका एखादे यंत्र उघडून पाहिल्यावरच कळतो, आणि त्यासाठी विहिरीवरच्या सेंट्रिफ्युगल पंपासारखे उदाहरण नाही.

पंपाच्या शंखाकृती कवचात इम्पेलर हे पात्यांचे चाक असते. दोन ध्रुवांची मोटर ते मिनिटाला सुमारे 2900 वेळा फिरवते. मध्यातून शिरलेले पाणी कडेला वेगाने फेकले जाते आणि रुंद होत जाणाऱ्या कवचात त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात इम्पेलरच्या मध्याशी दाब घटतो आणि वातावरणाचा दाब विहिरीतले पाणी पाइपातून वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा जास्तीत जास्त 10.3 मीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो आणि पाइपातील घर्षण वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. पाणी याहून खोल गेले, तर मोटर कितीही मोठी बसवली तरी उपयोग होत नाही, पंपच खाली उतरवावा लागतो. सक्शनकडील, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूचा, दाब फारच घटला, तर पाणी नेहमीच्या तापमानालाही उकळू लागते, वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी पोचताच फुटतात आणि त्या आघातांनी बिडाच्या इम्पेलरवर खड्डे पडतात. पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागला, तर सहसा हेच घडत असते.

हे झाले द्रवयांत्रिकीचे. इम्पेलर फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट वर्षानुवर्षे वळणाचा ताण सोसून तुटू नये, बेअरिंग तापू नये, शाफ्टभोवतीच्या ग्लँड या गळती रोखणाऱ्या भागातून पाणी गळू नये, ओतकामात पोकळी राहू नये, लेथवर माप चुकू नये, हे सारे याच शाखेचे प्रश्न आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर बनवले, तेव्हा त्यांनाही कागदावरच्या आराखड्याइतकेच ओतकामाकडे लक्ष द्यावे लागले असणार.

ब्रिटनमधील यंत्र अभियंत्यांची संस्था 1847 मध्ये बर्मिंगहॅमला स्थापन झाली आणि रेल्वे इंजिनांचे निर्माते जॉर्ज स्टीफन्सन तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्या काळी वाफेच्या इंजिनाभोवती फिरणारी ही शाखा आज वातानुकूलन, टर्बाइन, यंत्रमानव आणि कृत्रिम सांध्यांपर्यंत पोचली आहे. तरीही जुने नियम तसेच लागू पडतात: इमारतीतल्या वातानुकूलनाच्या पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला, तर हवा तेवढ्याच प्रमाणात कमी मिळते, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती जवळपास निम्म्यावर येते.