खुली जागा आणि आरक्षित भूखंड: नागरी केंद्रासाठी कोणती जागा मागावी?

शहराच्या मध्यवस्तीत वाचनालय, अभ्यासिका, सभागृह आणि ज्येष्ठांसाठी बैठकीची खोली एकाच इमारतीत असावी, अशी मागणी पुढे आली की रहिवासी आपापल्या भागातील मोकळे भूखंड सुचवू लागतात. त्यांपैकी काही भूखंड मंजूर रेखांकनातील (प्लॉट पाडण्याच्या नकाशातील) खुल्या जागा असतात, तर काही विकास आराखड्यातील आरक्षणे असतात. वरवर दोन्ही सारख्याच दिसतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मूलभूत फरक आहे आणि तो न पाहता केलेली मागणी नगररचना विभागातून हमखास परत येते.

मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना रहिवाशांच्या मनोरंजनासाठी जे क्षेत्र मोकळे सोडावे लागते, ती खुली जागा होय. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत हे क्षेत्र साधारणपणे १० टक्के असते. त्यावर व्यायामशाळा, वाचनालय, योगकेंद्र यांसारखे बांधकाम करता येते, मात्र ते जास्तीत जास्त दुमजली आणि खुल्या जागेच्या १५ टक्क्यांपर्यंतच, त्यातही तळमजल्यावर १० टक्क्यांच्या आत. एक हेक्टरच्या रेखांकनात १,००० चौरस मीटर खुली जागा मिळते, म्हणजे तळमजल्यावर फार तर १०० चौरस मीटर. दहा मीटर लांब आणि तितक्याच रुंद जागेत स्वच्छतागृह, जिना आणि कार्यालय बसवल्यावर सभागृहासाठी काय उरणार, याचा हिशेब आधीच मांडावा. शिवाय या जागेवर त्या रेखांकनातील प्लॉटधारकांचा हक्क असतो. साऱ्या शहराचे केंद्र तिथे आणणे मला अन्यायाचे वाटते. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले.

आरक्षित भूखंड मात्र आराखड्यातच सार्वजनिक कामासाठी राखलेला असतो आणि अनेकदा तो अजून खासगी मालकीचाच असतो. म्हणून मध्यवर्ती केंद्रासाठी, वेळ लागला तरी, हाच मार्ग योग्य आहे असे माझे ठाम मत आहे. मालकाशी वाटाघाट करून, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा भूसंपादन करून पालिका तो ताब्यात घेऊ शकते. आरक्षण शाळेचे किंवा बाजाराचे असेल, तर ते बदलून केंद्रासाठी करायला पालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव पुरेसा होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार हरकती मागवून शासनाची मंजुरी घ्यावी लागते.

खरा धोका याच अधिनियमाच्या कलम १२७ चा आहे. अंतिम आराखडा अमलात येऊन दहा वर्षे उलटली की मालक खरेदी सूचना (जमीन ताब्यात घ्या, अशी नोटीस) देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

म्हणून एखादी जागा सुचवण्याआधी झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात किंवा आरक्षणात आहे ते सांगणारा), भाग नकाशा (आराखड्यातील त्या जागेचा उतारा) आणि मंजूर रेखांकनाची प्रत मागवावी. केवळ सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहून फसगत होते, कारण खुल्या जागेवरही बऱ्याचदा मूळ जमीनमालकाचेच नाव राहिलेले असते. भूखंड आरक्षित निघाला, तर खरेदी सूचना आली आहे का आणि आली असल्यास कोणत्या तारखेला, हे पालिकेला लेखी विचारावे.