तुम्ही गावाला जाता तेव्हा घरच्या मांजराचं काय?

तुम्ही बाहेरगावी असताना घरी येऊन मांजर सांभाळणाऱ्या आमच्या सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दोन-चार दिवस बाहेर जायचं ठरलं की मांजर पाळणाऱ्या घरात पहिला प्रश्न निघतो तो खाण्याचा. वाडगा भरला, पाणी ठेवलं, की झालं, असं पुष्कळांना वाटतं. खाण्याची सोय खरं तर सगळ्यात सोपी. अवघड असतं ते मांजराकडे रोज कोणीतरी नीट बघणं. मांजर दुखणं लपवतं. बरं नसलं तर ते तुमच्यापुढे येऊन ओरडत नाही, पलंगाखाली जाऊन गप्प बसतं. जशाच्या तसा राहिलेला वाडगा आणि कोरडा लिटर बॉक्स, म्हणजे मांजराची शी-शूची पेटी, एवढ्यावरूनच ते कळायचं, आणि ते कळायला घरात माणूस यावा लागतो.

म्हणून घर एका रात्रीपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर दिवसातून किमान एक भेट हवीच, असं आमचं ठाम मत आहे. दिवसाआड भेटीचं काम आम्ही घेत नाही. पिल्लू असेल, म्हातारं मांजर असेल किंवा औषध चालू असेल, तर एका भेटीनेही भागत नाही. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं आणि एकटं राहण्याचं त्याचं वयही नसतं. त्याच्यासोबत कोणीतरी मुक्कामाला असावं.

घरीच ठेवावं की दुसरीकडे?

जमत असेल तर घरीच. कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असं आपण म्हणतो. त्यातलं घराबद्दलचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मांजर गाल आणि कपाळ घासून दाराच्या कडांना, खुर्चीच्या पायांना आपला वास लावत असतं, आणि तो वास असला की ती जागा त्याला सुरक्षित वाटते. परक्या ठिकाणी त्यातलं काहीच नसतं.

माणसाशी मात्र मांजराला देणंघेणं नसतं, हे काही खरं नाही. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजरांना परक्या खोलीत थोडा वेळ आपल्या माणसाबरोबर, मग एकटं आणि मग पुन्हा त्याच माणसाबरोबर ठेवून पाहिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६५ टक्के मांजरं आपलं माणूस परत आल्यावर निवली आणि पुन्हा खोलीत फिरू लागली. म्हणजे तुम्ही गेल्याचं त्याला जाणवतंच. घरीच ठेवलं तर निदान जागा तरी ओळखीची राहते. दुसरीकडे नेलं तर माणूस आणि जागा दोन्ही एकदम सुटतात.

सांभाळणारं माणूस बदललं, खाण्याची वेळ चुकली, असे बदल मांजराच्या शरीरावरही दिसतात. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात अशा बदलांच्या काळात पूर्ण निरोगी मांजरांमध्येही उलट्या, कमी खाणं, बॉक्सबाहेर शी-शू करणं हे प्रकार वाढलेले आढळले. तुमच्या घरातल्या वेळा आम्ही इतक्या बारकाईने विचारून घेतो त्याचं कारण हेच. सकाळी सातला खाणाऱ्या मांजराकडे अकराला जायचं नाही.

शेजारच्या काकू किंवा एखादी मैत्रीण रोज येऊन अर्धा तास बसणार असेल आणि मांजर तिला ओळखत असेल, तर आमची गरज नाही. खुशाल तिच्यावर सोपवा आणि हे पत्रक तिला वाचायला द्या. एक काळजी मात्र घ्या. ती गरोदर असेल तर लिटर साफ करण्याचं काम दुसऱ्या कोणाला सांगा. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण होऊ शकते आणि ती गर्भाला घातक असते. शीतून पडलेली त्याची अंडी लागण करण्याइतकी पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या रोज बॉक्स साफ करण्याचा हाही एक फायदा आहे.

बोर्डिंग, म्हणजे मांजर सांभाळणाऱ्या जागेत नेऊन ठेवणं, कधी बरं? आजार असा असेल की दिवसभर लक्ष लागतं, घराच्या खिडक्यांना जाळी नाही, किंवा तुमच्या मागे घरात दुरुस्तीचं काम चालणार आहे, अशा वेळी. जागा स्वतः जाऊन बघा. कुत्रे दिसतील किंवा भुंकताना ऐकू येतील अशी जागा नको. प्रत्येक मांजराला स्वतंत्र कप्पा आणि त्यात लपायला खोकं हवं. नेदरलँड्समध्ये निवाऱ्यातल्या मांजरांवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात ज्यांना असं खोकं मिळालं ती नव्या जागेत लवकर स्थिरावली. साधं पुठ्ठ्याचं खोकं, पण ते नसेल तर आम्ही ती जागा सुचवत नाही. लसीची नोंद न मागणारी जागाही टाळा. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर कित्येक महिने टिकतो, आणि आदल्या दिवशी घाईने लस टोचून संरक्षण मिळत नाही.

निघण्याआधीची भेट

ही भेट आम्ही सक्तीची ठेवली आहे. तुम्ही घरात असताना, निघण्याच्या आठवडाभर आधी. आमची व्यक्ती येते, जमिनीवर बसते आणि मांजराला हात लावायला जात नाही. त्याच्याकडे टक लावून न बघता डोळे सावकाश मिटून उघडायचे. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या २०२० च्या प्रयोगांत अनोळखी माणसाने असं केल्यावर मांजरं त्याच्या हाताजवळ यायला जास्त तयार झाली. आमच्या कामात याचा फार उपयोग होतो. मांजर आलं तर उत्तम. नाही आलं तरी आमचा वास त्याच्या ओळखीचा होतो आणि ते कुठे दडतं हे आम्हाला कळतं.

त्याच भेटीत किल्ली आमच्या हाताने कुलपात फिरवून बघतो. दुसरी किल्ली जवळपासच्या कोणाकडे असेल तर त्यांचं नाव लिहून घेतो. खाणं किती, हे ‘मूठभर’ असं न सांगता वजनाने किंवा खूण केलेल्या कपाने सांगा. तुमचे नेहमीचे पशुवैद्य कोण, रात्रीबेरात्री कुठे न्यायचं, तुमचा फोन लागला नाही तर उपचाराचा निर्णय कोणी घ्यायचा, हे लेखी हवं. विमानात किंवा डोंगरात असताना फोन लागत नाही, आणि नेमका तेव्हाच डॉक्टर विचारतात, ‘ऑपरेशन करू का?’ मांजराच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा १५ आकडी क्रमांकही द्या.

इन्शुलिन चालू असलेल्या मांजरांसाठी डॉक्टरांची लेखी सूचना लागतेच. साधारण बारा तासांच्या अंतराने इंजेक्शन द्यायचं, पण मांजर जेवलंच नाही तर नेहमीचा डोस धोक्याचा ठरतो, कारण रक्तातली साखर एकदम उतरते. त्या वेळी काय करायचं हे आम्ही ठरवत नाही, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असायला हवं.

घर आवरताना

मांजरं एकटी असताना दोऱ्याने मोठा घात होऊ शकतो. शिवणाचा दोरा, लोकर, रिबन, रबरबँड, खेळण्याची दोरी, सगळं कपाटात बंद करा. गिळलेला दोरा एका टोकाला अडकला की आतडं त्यावर गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर कोणीही तो ओढू नये, तसंच डॉक्टरांकडे न्यावं.

फुलदाणीत लिली असेल तर घराबाहेर काढा. पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले परागकण, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतं. पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे, तेव्हा उशाजवळची औषधं आत ठेवा. कुत्र्यांच्या पिसवांचं औषध मांजराला कधीच लावू नका. त्यातल्या अनेकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराला सोसत नाही.

आतले दरवाजे एकतर बंद ठेवा, नाहीतर मागे काहीतरी टेकवून उघडे अडवा. वाऱ्याने दार लागलं आणि मांजर एका खोलीत, पाणी दुसऱ्या खोलीत, असं सहज होतं. निघण्याच्या क्षणी मांजर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कपाट, खण, वॉशिंग मशीन, उघडी सुटकेस, सगळीकडे नजर टाका.

लिटर बॉक्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच प्रेमापोटी उलटं केलं जातं. निघायच्या आदल्या दिवशी बॉक्स घासून, लिटर बदलून, नवा ब्रँड भरून ठेवू नका. तुम्ही जाताना मांजराच्या ओळखीचं जे जे आहे ते ते तसंच राहू द्यायचं आहे. जुनंच लिटर, नेहमीचीच जागा. मांजरं जितकी त्याहून एक बॉक्स जास्त, हे गणित मात्र एरवीही पाळा. अंगावरचा न धुतलेला एखादा टीशर्ट त्याच्या झोपायच्या जागी ठेवा. चादरी धुवायच्या असतील तर परत आल्यावर धुवा.

आपोआप खाणं देणारा फीडर चांगला आहे, पण आठवडाभर आधी तुमच्या डोळ्यांदेखत चालवून बघा. त्यात दाणे अडकतात, बॅटरी संपते. त्यात ड्राय फूडच ठेवावं. वेट फूड उन्हाळ्यात काही तासांतच खराब होतं. कॅमेरा लावलात तर आम्हाला सांगा, आमची हरकत नाही. पण कॅमेऱ्यात मांजर झोपलेलं दिसतं, त्याला श्वास लागलाय का ते कळत नाही.

आम्ही रोज काय करतो

दार उघडताना पाय आडवा ठेवून आत सरकतो. मग सगळ्यात आधी मांजर शोधतो. ते दिसल्याशिवाय आम्ही घराबाहेर पडत नाही, चार मांजरं असतील तर चारही. लपलेल्याला ओढून काढत नाही, टॉर्च लावून बघतो, श्वास आणि डोळे पाहतो. घरात अनेक मांजरं असतील तर कोणी किती खाल्लं हे वेगवेगळं बसवून बघावं लागतं, एरवी एक उपाशी राहतं आणि वाडगे मात्र रिकामे दिसतात.

पाण्याची भांडी धुऊन भरतो, जमल्यास दोन-तीन ठिकाणी आणि खाण्यापासून लांब. लिटर उपसताना ओले गोळे किती, शी कशी, हे वहीत लिहितो. उरलेला वेळ मांजराचा. खेळायचं असेल तर खेळतो, नाहीतर नुसते जवळ बसतो. फोटो आणि दोन ओळींचा निरोप तुम्हाला त्याच वेळी येतो.

तुम्हाला न विचारता डॉक्टरांकडे कधी नेतो?

मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर आम्ही लगेच डॉक्टरांना फोन करतो. रुसलंय, खाईल उद्या, असं म्हणत थांबत नाही. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साठत जाते आणि यकृत काम करेनासं होतं. जाडजूड मांजरांना हा धोका जास्त. दिसायला खातंपितं म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, तसं आम्ही होऊ देत नाही.

बोका वारंवार बॉक्समध्ये बसतोय, जोर करतोय आणि लघवीचा थेंब नाही, तर एक तासही थांबायचं नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बाहेरून हे बद्धकोष्ठासारखं दिसतं, म्हणून शेजाऱ्यांनाही आवर्जून सांगून ठेवा. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, मागचे पाय एकाएकी लुळे पडणं, पुन्हा पुन्हा उलट्या, या वेळीही आधी दवाखाना आणि वाटेत तुम्हाला फोन. कॅरियर म्हणूनच दाराजवळ, उघडा आणि आत चादर घालून ठेवा. माळ्यावरचा कॅरियर घाईत सापडत नाही.

मांजर बाहेर सटकलं तर ते फारसं लांब जात नाही. हरवलेल्या मांजरांच्या २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के ५०० मीटरच्या आतच मिळाली. घरातल्या घरात वाढलेलं मांजर बहुधा जिन्याखाली, गाडीखाली, कुंड्यांमागे दबा धरून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. त्यामुळे पोस्टर लावण्याआधी टॉर्च घेऊन इमारतीच्या आसपासचा प्रत्येक कोपरा वाकून बघतो, आणि रात्री सामसूम झाल्यावर पुन्हा.

तुम्ही परत आल्यावर

काही मांजरं पायात घुटमळतात, काही तासभर पाठ फिरवून बसतात. दोन्ही ठीक. लगेच उचलून घेऊ नका, त्याला येऊ द्या. मधल्या काळात एखादं मांजर दवाखान्यात राहून आलं असेल तर घरातलं दुसरं त्याच्यावर फिस्कारेल, कारण त्याचा वास बदललेला असतो. त्यांना एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून हळूहळू एकत्र आणा. पुढचे तीन-चार दिवस खाणं आणि लघवी यांवर तुमचंही लक्ष असू द्या.

भेटींच्या नोंदींची वही आम्ही ओट्यावर ठेवून जातो. ती टाकू नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. तुम्ही घरी पोहोचल्याचा निरोप मिळेपर्यंत आमची भेट रद्द होत नाही. गाडी चुकली, विमान लांबलं, तरी त्या संध्याकाळी आम्ही जाणारच. किल्ली तुमच्या हातात देतो, पायपुसण्याखाली किंवा पत्रपेटीत ठेवत नाही.