शुगर बॉर्डरवर आली, आता पुढे काय?

आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी

रिपोर्ट हातात घेतला की बरेच जण काउंटरवरच विचारतात, "बॉर्डरवरच आहे ना? मग ठीक आहे." ठीक आहे असं आम्हाला म्हणवत नाही. घाबरू नका, हे मात्र नक्की सांगतो. मधुमेह अजून लागलेला नाही आणि तो टाळणं बऱ्याच अंशी अजून तुमच्या हातात आहे. म्हणून हा कागद फाइलीत ठेवून विसरू नका.

उपाशीपोटी शुगर (फास्टिंग) 100 ते 125, किंवा एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, 5.7 ते 6.4 टक्के, याला आपण बॉर्डर म्हणतो. 126 किंवा 6.5 पासून पुढे मधुमेह धरतात, पण त्रास काहीच नसेल तर डॉक्टर सहसा पुन्हा तपासून खात्री करतात. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 13.6 कोटी लोक या बॉर्डरवर आहेत. त्रास होत नाही, म्हणून यातल्या अनेकांना पत्ताच नसतो.

एचबीएवनसी का करायची, हे नेहमी विचारलं जातं. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब त्यात दिसतो. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद केलं तर फास्टिंग थोडी बरी येईल, ही येणार नाही. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. हिमोग्लोबिन कमी असलेल्या ताईंनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आता उपाशीपोटाबद्दल. चतुर्थीच्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि चहा घेऊन "मी उपाशीच आहे" म्हणत लोक येतात. उपवास खराच असतो, पण लॅबचं उपाशीपोट वेगळं. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पोटात काहीही नको, बिनसाखरेचा चहासुद्धा नको. साधं पाणी चालतं. रोजची गोळी घ्यायची की थांबायचं, हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून घ्या. पीपीसाठी, म्हणजे जेवणानंतरच्या शुगरसाठी, पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, आणि जेवण नेहमीचंच घ्यायचं. तपासणी आहे म्हणून अर्धी पोळी खाल्ली तर तो आकडा तुमच्या रोजच्या जेवणाचा नसतो.

शुगरसाठी आम्ही राखाडी टोपणाची नळी वापरतो, ती बघून घ्या. रक्त नळीत आल्यावरही त्यातल्या पेशी साखर खातच राहतात. या नळीतलं फ्लोराइड ते रोखतं.

बॉर्डरवरून मागे फिरता येतं का? येतं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिलं. चेन्नईतल्या 2006 च्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटात ते सुमारे 28 टक्क्यांनी कमी होतं. 80 किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. ताटात भात निम्मा करून उसळ आणि कोशिंबीर वाढवली, रोज जेवणानंतर जरा चाललं, की सुरुवात झाली.

दर महिन्याला एचबीएवनसी करू नका, त्यातून काही कळत नाही. बॉर्डरवर असाल तर बहुतेकांना वर्षातून एकदा पुरते. मोठं पॅकेजही प्रत्येकाला लागत नाही. वय 30 च्या पुढे असेल तर शुगर आणि बीपीची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, तिथे जरूर जा. आईवडिलांना मधुमेह असेल किंवा गरोदरपणात शुगर वाढली होती, तर मात्र टाळाटाळ नको.

येताना जुने रिपोर्ट घेऊन या. ते नव्या रिपोर्टशेजारी ठेवून आकडा कुठल्या बाजूला सरकतोय, ते आम्ही समजावून सांगू. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.