तिरक्या धाग्याचा गाऊन

घरातला साधा सुती रुमाल घ्या. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, फारसा ताणला जाणार नाही. आडवा ओढला तरी तेच. आता समोरासमोरची दोन टोकं धरून तिरका ओढा. रुमाल लांबतो, मध्ये अरुंद होतो आणि सोडला की बराचसा पूर्ववत होतो. पॅरिसच्या मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) यांचे १९२० आणि १९३०च्या दशकांतले ईव्हनिंग गाऊन मला अद्भुत वाटतात, ते या तिरक्या ओढीमुळे. त्यात इलॅस्टिक नाही. तरी अनेक गाऊन हुक-बटणांशिवाय डोक्यावरून घालता येत आणि अंगावर अलगद बसत.

कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात. धाग्याच्या दिशेने ओढलं, तर धाग्यालाच लांबावं लागतं आणि तो ते सहजी करत नाही. ४५ अंशांत ओढलं, की धागे लांबत नाहीत, छेदाच्या जागी बिजागरीसारखे फिरतात. विणीतला प्रत्येक इवलासा चौकोन शंकरपाळ्यासारखा होतो, एकीकडे लांब आणि दुसरीकडे अरुंद. गाऊनमध्ये ही ओढ खालच्या कापडाच्या वजनाने मिळते. कापड कमरेशी आपोआप आवळतं, नितंबांवर पसरतं आणि खाली घोळात मोकळं सुटतं. आपल्याकडे ब्लाऊजच्या गळ्याची पट्टी तिरकी कापतात ती याचसाठी, सरळ पट्टी गोलाईवर नीट वळत नाही. व्हिओने यांनी पूर्ण पोशाखच तिरका धरला.

त्यासाठी मोठ्या पन्ह्याचं कापड हवं, नाहीतर जागोजागी जोड द्यावे लागतात. ब्यांशिनी-फेरिए या रेशीम कंपनीने त्यांच्यासाठी सुमारे २ मीटर पन्ह्याचं क्रेप विणलं.

क्रेप निवडण्यातही मोठी समज होती. त्याच्या रेशमी धाग्याला विणण्याआधी प्रचंड पीळ देतात. क्रेप द शीनमध्ये आडवा धागा आलटून पालटून डाव्या आणि उजव्या पिळाचा असतो. विणून झाल्यावर कापड साबणाच्या पाण्यात उकळतात. रेशमावरचा सेरिसिन नावाचा डिंक निघून जातो, मोकळा झालेला धागा पीळ सोडायला धडपडतो, आणि शेजारचे धागे उलट दिशांना वळू पाहत असल्यामुळे पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उठतात. त्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून क्रेपची चमक सॅटिनसारखी झगझगीत न दिसता मऊ दिसते. शिवाय कापड पाण्यासारखं ओघळतं.

व्हिओने कागदावर चित्र काढून सुरुवात करत नसत. लहानशा लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळायचं, फिरवायचं, टाचण्या लावायच्या, आणि आकार जमला की तो माणसाच्या मापात मोठा करायचा. तिरकं कापड कसं पडेल हे ते पडल्यावरच कळतं, म्हणून ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. शिवणही अवघड. टाके घट्ट घातले तर कापड ताणताना दोरा तुटतो. खालची कड दुमडण्याआधी असा पोशाख टांगून ठेवतात, कारण तिरका भाग स्वतःच्या वजनाने उतरतो, तोही सगळीकडे सारखा नाही. तो उतरल्यावरच कड सरळ कापायची.

१९५२ मध्ये व्हिओने यांनी जपून ठेवलेले पोशाख आणि नमुने दान केले. ते आज पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात आहेत. तिरक्या कापडाचे जुने गाऊन संग्रहालयं हँगरला लावत नाहीत, सपाट निजवून ठेवतात. टांगले, तर ते शंकरपाळे आजही हळूहळू लांबत जातील.